मयताचं कार्ड तारेला लावत नाहीत

आमच्या घरच्या तारेवर कुणी मेलेलंच नाही. तार म्हणजे जुन्या दुकानांत असायची ती. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेलं टोक. आलेलं पत्र वाचून झालं की टोकातून खुपसायचं आणि खाली सरकवायचं. पाटोद्याच्या आमच्या किराणा दुकानात आज्जाच्या काळापासूनची कार्डं त्या तारेत दाबून बसलेली होती. पोरगा झाला, लग्न ठरलं, ज्वारी बरी आहे, बैल विकला, सुखरूप पोचलो. सगळी माणसं जन्मतात, लग्नं करतात आणि सुखरूप पोचतात. मयताचं कार्ड मात्र घरात ठेवत नाहीत. त्याच्या माथ्यावर ‘श्री’ नसायचा, तेवढ्यावरून पोस्टमनचंही तोंड उतरायचं. घरातला कर्ता पुरुष उंबऱ्याबाहेर उभा राहून ते वाचायचा आणि तिथंच फाडून टाकायचा. आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक नाही, श्राद्ध नाही, डोकं भादरत नाहीत, माती देतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात. पण कार्ड फाडायची रीत आमच्याकडंही पक्की होती. शेजाऱ्यांची बघून घेतली असावी.

माझ्या आत्याला एक तिथी पाहिजे होती, आणि ती असल्याच एका फाडलेल्या कार्डावर होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, मोठी बहीण. ऐंशी कधीच ओलांडली. तेलगावला दिलेली, तिथंच नांदली, तिथंच म्हातारी झाली. दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, तिलाही कळलं. त्या दिवसापासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला तिचा फोन यायचा. मी शाळेच्या गडबडीत. ‘कशी आहेस’ नाही, ‘जेवलीस का’ नाही. थेट एकच.

“घावलं का?”

“शोधतेय आत्या.”

“राजे-महाराजांच्या तारखा तोंडपाठ हायत तुला. आपल्या आजीची एक तिथी घावंना?”

मी बीडात एका शाळेत इतिहास शिकवते, त्याचा हा टोमणा. टोमणा लागायचा, कारण खरा होता.

तिला तिथी कशाला पाहिजे हे मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटलं, म्हातारपणी आईची आठवण येते माणसाला, झालं. कार्तिकात मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं सुनेला बाहेर पाठवलं, दार लोटायला लावलं आणि मग सांगितलं. ती जे बोलली ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

ती अठरा वर्षांची होती, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात आई न्यायला येणार म्हणून तिनं लुगड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं. नागपंचमी गेली, कुणी आलं नाही. पोळा गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ, म्हणजे माझे अप्पा, एकटेच आले. वय सोळा. म्हणाले, आईचे पाय सुजलेत, तिच्यानं होत नाही, बाळंतपण इथंच करा म्हणालीय. आत्याचं डोकं फिरलं. सासरी आधीच जावा टोमणे मारत होत्या, माहेरच्यांना लेक जड झाली म्हणून. ती भावाला म्हणाली, “तिला सांग, आजपासून मला आई न्हाई.”

पोरगी झाली. सव्वा महिना झाल्यावर सासूनं तिला जवळ बसवून सांगितलं, तुझी आई गेली. कधी? गौरीच्या आसपास.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिशी मी निरोप धाडला,” आत्या म्हणाली, “अन् गौरीला ती गेली. आठ दिवस. माझ्या निरोपानं गेली ती.”

मी म्हणाले, असं कुठं असतं आत्या. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. तिनं साठ वर्षं बोटांवर तेच आठ दिवस मोजले होते. कुणापाशी बोलली नव्हती. नवऱ्यापाशी नाही, भावापाशी तर नाहीच. “त्याला कसं इचारू? निरोप त्यानंच नेलता. तू सांगितलास का, असं इचारू?” म्हणाली. एकदा दोनदा तिथी तेवढी विचारली होती. अप्पा म्हणायचे, आपल्यात श्राद्ध हाय का, तिथी काय करायची, आणि उठून बाहेर जायचे.

ते मलाही माहीत होतं. आजीचा विषय निघाला की अप्पा उठायचेच. लहानपणी मी गणगोताचं झाड काढत होते वहीत, तेव्हा विचारलं, आजी कशी होती? चप्पल घातली आणि गेले. मला त्यांचा लई राग यायचा. स्वतःच्या आईबद्दल दोन शब्द बोलायला काय लागतं? मी मनात म्हणायचे, दगड आहे हा माणूस. ते वारले तेव्हाही हा राग माझ्यात थोडा शिल्लक होता, खोटं कशाला बोलू.

तर आत्याला मरायच्या आत एवढंच पाहिजे होतं. तिचा निरोप आईच्या कानावर पडला होता की नव्हता. आई पोळ्याच्या आधी गेली की नंतर.

सोपं वाटलं मला. म्हटलं, मी इतिहासवाली, एक तिथी काढायला काय लागतंय.

घरातल्यांचा एक ग्रुप आहे फोनवर. सकाळी सकाळी फुलं आणि सुविचार टाकायला सगळे पुढं. त्यावर मी विचारलं, आजीची तिथी कुणाला माहीत आहे का? अकरा जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. म्हटलं, अरे बाबांनो, ती साठ वर्षांपूर्वी गेलीय, आज नाही. त्यावर आणखी चार हात जोडलेले. मी फोन पालथा ठेवला.

मग सुट्टीच्या दिवशी कचेरी. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी जिथं ठेवतात तिथं गेले. बाकावर, व्हरांड्यात, जिन्यावर माणसंच माणसं. सगळे आपापल्या पणजोबाची जात शोधायला आलेले. तिथल्या बाईंनी मला विचारलं, कशासाठी पाहिजे, दाखल्यासाठी? मी म्हणाले, नाही, माझ्या आत्याला झोप लागत नाही म्हणून. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. पण बाई भली होती. तिनं त्या सालाची वही काढून दिली, शेजारी बसून माझ्याबरोबर पानं उलटली. गावातल्या सोनाराची सासू सापडली, कुणाचं तान्हं सापडलं, पटकीनं गेलेला उत्तरेकडचा एक परदेशी सापडला. आमची आजी नव्हती. त्या काळी ज्यानं जाऊन सांगितलं त्याचीच नोंद व्हायची. आमच्या घरातून कुणी सांगायला गेलंच नव्हतं. आज्जा दुकानाच्या उधारीची एक ओळ चुकू द्यायचा नाही म्हणतात, आणि बायको गेली ती लिहून ठेवावी असं त्याला वाटलं नाही. मी तिथून निघाले तेव्हा कान तापले होते माझे.

उरली तार.

तार दादाकडं, माझ्या मोठ्या भावाकडं. आज्जाचं दुकान आता तो चालवतो. मी गेले त्या दिवशी दुकानात काचेची कपाटं बसवायचं काम चाललेलं, जुनी फळकुटं बाहेर, आणि तार रद्दीच्या ढिगावर.

“हे टाकून देतोयस?” मी विचारलं.

“त्यात काय हाय? सुखरूप पोचलो, सुखरूप पोचलो. पोचले असतील की.”

“दादा, ह्यात आपलं घर आहे.”

“मग ने की तुझ्या घरी. झुरळं पण ने.”

मी तार पिशवीत घातली आणि बीडची बस धरली. कपिलधारच्या फाट्यावर दर्शन करून आलेल्या बायका चढल्या. त्यातली एक शेजारी बसली आणि पिशवीतून वर आलेलं लोखंडी टोक बघून म्हणाली, काय हाय बाई हे, टोचंल कुणाला. खरंच टोचत होतं. मांडीवर ठेवलं तर मांडीला, बाजूला ठेवलं तर तिला.

घरी पलंगावर सगळी कार्डं पसरली. प्रत्येकाच्या पोटात भोक. ‘चि. सौ.’च्या नंतरचं नावच गेलेलं, नाहीतर ‘आमची तब्येत’च्या पुढचा शब्द गेलेला. मी वर्षांप्रमाणे गठ्ठे केले, माणसांप्रमाणे केले, मोडले, पुन्हा केले. तेलगावहून आत्याच्या सासऱ्यांची सात कार्डं होती, सगळी मराठीत, सुबक. लग्नानंतरचं एक. ‘सूनबाई रुळली’ म्हणून एक. नातीच्या जन्माचं, हळदीची बोटं लावलेलं. ‘रुळली’ आणि ‘नात झाली’ याच्या मध्ये काहीच नाही. वर्षभर तेलगावचा माणूस गप्प. आमच्या बाजूनं गेलेलं मयताचं कार्ड तिकडं फाटलं, ते ठीक. पण त्याला उत्तर म्हणून एक ओळ आली नसेल?

शोधायला लागल्यापासून मला एका जागी बसवेना. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता वाटायचं, तो कोपऱ्यातला गठ्ठा नीट पाहिला का आपण? पोळी तव्यावर टाकून मी पलंगाकडं जायची. पोळी करपायची, घरातले न बोलता खायचे. सकाळी दहा वाजता फोन. “घावलं का?” तिचा आवाज दर दिवशी जरा बारीक होत होता. एक दिवस फोन दहाला आला नाही. साडेदहा झाले. अकराला आला, सून म्हणाली, आत्याबाई आताच जाग्या झाल्या. आणि मागून आवाज, “घावलं का इचार तिला.”

आता माझी चूक सांगते. कार्डांत उर्दूतली आठ-दहा होती. निजामाच्या राजवटीत आमच्याकडं शाळा उर्दूत होत्या. आज्जाच्या पिढीतले शिकलेले लिंगायत, मराठे, ब्राह्मण, सगळे उर्दूत हिशेब करायचे, उर्दूत अर्ज लिहायचे. पुढं मराठी आली आणि एका पिढीत ते सगळं बंद पडलं. मला उर्दूचा पहिला अलिफही ओळखता येत नाही. मी ती कार्डं पहिल्याच दिवशी वेगळी काढली, वर चिठ्ठी लावली, ‘व्यापारी’. जालन्याच्या आडत्यांची असणार, गुळाच्या भावाची. तीन आठवडे ती तशीच खिडकीत पडली होती. मुलांना मी वर्गात सांगत असते, कागद वाचल्याशिवाय त्याला नाव देऊ नका.

एका रविवारी खिडकी पुसताना त्यातलं एक खाली पडलं, पत्त्याची बाजू वर. मजकूर उर्दूत, पण पत्ता मराठीत. आणि ते अक्षर मी तीन आठवडे बघत होते. पाटोद्याच्या ‘ट’ला खाली एवढी मोठी गाठ आत्याचे सासरेच मारायचे. इतर सगळी पत्रं मराठीत लिहिणाऱ्या माणसानं हे एकच उर्दूत लिहिलं होतं. कावून?

मी फडकं टाकलं आणि तशीच निघाले.

आमच्या चौकात मोसंबी, पेरू विकणारं एक कुटुंब आहे. मुलं गाडा लावतात, वडील शेजारी खुर्चीवर बसून उर्दू पेपर वाचतात. पंचाहत्तरीचे असतील. मी त्यांना चाचा म्हणते. आत्याला न्यायला मोसंबी मी त्यांच्याकडूनच घ्यायची. कार्ड पुढं केलं. त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली दाबला, चष्मा पुसला, कार्ड उजेडाकडं धरलं आणि आधी मनातल्या मनात पूर्ण वाचलं.

“चाचा, गुळाचा भाव आहे का?”

“न्हाई बाई. बसा तुमी.”

एका पोरानं स्टूल दिलं. चाचांनी हलकेच वाचायला सुरुवात केली. एक ओळ उर्दूत, मग तीच माझ्यासाठी मराठीत. मी वहीत भराभर लिहून घेत होते, ते अक्षर आजही तसंच वाकडं आहे.

वर तिथी श्रावण शुद्ध चतुर्थी, म्हणजे नागपंचमीचा आदला दिवस. मग मजकूर. आपलं पत्र काल पावलं, रिवाजाप्रमाणे फाडून टाकलं. फार वाईट झालं, बाई गुणाच्या होत्या. पण सूनबाईला सातवा लागतो आहे आणि पहिलटकरीण आहे. आमच्या घरात मागं एकीला अशीच खबर दिली आणि पोटातलं लेकरू गेलं. म्हणून आम्ही तिला कळवत नाही, आपणही कळवू नये. तिला न्यायला येऊ नये, बाळंतपण आम्ही करू. मात्र कुणीच आलं नाही तर तिला शंका येईल. तरी पोळा झाला की मुलाला एकदा पाठवून द्यावं. आई आजारी आहे एवढंच सांगायचं, रडायचं नाही, हे त्याला नीट पढवून पाठवावं. घरातल्या बायकांना वाचता येऊ नये म्हणून हे उर्दूत लिहिलं आहे.

चाचांनी कार्ड उलटं करून पत्ता पाहिला, परत सुलटं केलं. “लई साफ लिवलंय,” म्हणाले. “कुणाचं हाय?”

मी म्हणाले, “माझ्या आजीचं.”

त्यांनी त्या दिवशी आत्यासाठी बांधून दिलेल्या मोसंब्यांचे पैसे घेतले नाहीत. मीही दिले नाहीत, म्हणजे सुचलंच नाही.

आज्जानं हे कार्ड का फाडलं नाही, याचा मी खूप विचार केला. मयताचं कार्ड फाडायचं हे त्याला माहीत होतं. त्या कार्डाच्या उत्तराचं काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. वाचून झालेलं पत्र तारेला, ही हाताची सवय. त्यानं खुपसलं आणि पुढचं गिऱ्हाईक बघितलं असेल.

आजी नागपंचमीच्या आधी गेली होती. पोळा त्यानंतर पंचवीस-सव्वीस दिवसांनी. आत्याचा निरोप आईच्या कानावर पडणं शक्यच नव्हतं. सासूनं गौरी सांगितली ती भावाच्या खोट्याला जुळावी म्हणून. मला तिथंच फोन करावासा वाटला. बोट नंबरावर गेलं आणि थांबलं. कारण त्याच कार्डात दुसरं माणूस होतं. पढवून पाठवलेलं. आत्याचा जीव होता भावावर. तो गेला तेव्हा तिनं आठ दिवस अन्न घेतलं नव्हतं. आता तिच्या शेवटच्या दिवसांत तिला सांगायचं, की तुझ्या लाडक्या भावानं तुझ्या तोंडावर तुला फसवलं, आणि पुढं साठ वर्षं तोंड उघडलं नाही?

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून मी तेलगावची बस धरली. कारखाने सुरू झालेले, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. बस त्यांच्या मागं रांगत होती. मी मनात खोटं जुळवत होते. म्हणायचं, कचेरीत नोंद सापडली, श्रावणातली, बास. कार्डाचं नावच काढायचं नाही. मग वाटायचं, ती विचारणार, मग तो पोळ्याला येऊन खोटं का बोलला? म्हणायचं, त्यालाही माहीत नव्हतं. घरात आई मेलेली आणि सोळा वर्षांच्या पोराला माहीत नाही? आत्या म्हातारी आहे, खुळी नाही. बरं, मग सांगायचंच नाही, सापडलं नाही म्हणायचं. म्हणजे तिनं ते आठ दिवस बोटांवर मोजतच जायचं. मी इतकी चुळबुळ करत होते की पुढच्या बाकावरचा माणूस दोनदा वळून बघून गेला.

आणि खरं सांगू? मला अप्पांनाही वाचवायचं होतं. आयुष्यभर ज्यांच्यावर रागावले त्यांची बाजू घ्यायची पाळी आली होती.

आत्या ओसरीवर उन्हात होती. बाजेवर, पाठीला गोधडी. हात काटकीसारखे झालेले. मी पायांशी बसले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलंच नाही. म्हणाली, “घावलं.”

बसमध्ये जुळवलेलं सगळं गेलं. मी पिशवीतून कार्ड काढलं आणि वही उघडून वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘पोटातलं लेकरू गेलं’ इथं ती हुं म्हणाली, तिला ती जाऊ आठवत असावी. ‘मुलाला पढवून पाठवावं’ हे मी वहीतून मान वर न करता वाचलं.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

“म्हंजी नागपंचमीच्या आधीच गेलती.”

“हो.”

“मी बोलले ते तिनं ऐकलं न्हाई.”

“नाही आत्या. ती नव्हतीच.”

“न्हाईच ऐकलं.”

“नाहीच.”

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तिच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला. मला रडू आलं. इतक्या दिवसांची धावपळ, करपलेल्या पोळ्या, सगळं वसूल झालं असं वाटलं. मी तिच्या पायावर हात ठेवला. म्हटलं, “आता झोप येईल ना?”

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत झोपेचं काही नव्हतं. ती ओसरीच्या पायरीकडं बघत होती.

“मग मी ते कुणाला म्हणले?”

मी वही मिटली.

“हितं बसलता,” ती म्हणाली. “त्या पायरीवर. टोपी हातात. आई जाऊन जेमतेम महिना, अन् मी त्याच्यावर वरडते, आजपासून मला आई न्हाई. दोनदा म्हणले. नीट सांग म्हणले, इसरू नको.”

“अप्पा काय म्हणाले?”

तिनं पदराचं टोक हातात घेतलं, पण डोळ्यांना लावलं नाही, नुसतं धरून बसली.

“मान खाली घातली,” ती म्हणाली. “अन् म्हणला, सांगतो आक्का.”